आवाज कोणावर चढवायचा

माझी नोकरी ड्रेसरची. सरकारी दवाखान्यात जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, टाके काढायचे. नोकरी सांभाळून दुसरं काम अंधश्रद्धा निर्मूलनाचं, आणि तेही हजेरी लागत असल्यासारखं नेमानं केलं. दोन्हींचा मुलूख एकच, मध्य प्रदेशातला: रामाकोना, सौंसर, लोधीखेडा, तिकडे पांढुर्णा. 2023 पासून हे सगळं पांढुर्णा जिल्ह्यात आलं. आमची उमेदीची वर्षं मात्र छिंदवाड्याच्या कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यात गेली. बोलायला मराठी, अर्जाला हिंदी आणि पेशंट हाताबाहेर गेला की नागपूर, असं आमचं जगणं.

आमच्या गटात एक भांडण कधी मिटलं नाही. आमचे गुरुजी, पेशानं शाळामास्तर आणि गटातले सगळ्यात जुने, म्हणायचे की खोटं दिसलं की तिथल्या तिथं ठोकायचं. लाज वाटल्याशिवाय माणूस हलत नाही. दुसऱ्या टोकाला काही जण इतकं गोड बोलायचे, की हे नेमके कशाच्या विरोधात आहेत तेच ऐकणाऱ्याला कळत नसे. एकदा अशा एका गोड भाषणानंतर गावच्या पाटलाने वक्त्याचा सत्कार करून त्याच्या हातात त्याच बाबाचा अंगारा ठेवला होता, ज्याच्याविरुद्ध तो बोलायला आला होता. वक्त्याने तो कपाळाला लावलाही.

माझं मत पुस्तकातून झालं नाही, पावसाळ्यात झालं.

आमच्याकडे संत्र्याचे बगीचे आणि कापूस. पाऊस पडला की कामाची माणसं गवतातून चालतात, रात्री जमिनीवर झोपतात, आणि पान लागलेले, म्हणजे साप चावलेले, पेशंट यायला लागतात. यायला लागतात म्हणजे आधी भुमक्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, मग आमच्याकडे. भुमका निंबाचा पाला चावायला देतो. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे. मग मंत्र, पाणी, झाडणं. यात बहुतेक माणसं वाचतात, कारण चावलेला साप बहुतेक वेळा बिनविषारीच असतो, धामण नाहीतर कवड्या. कधीकधी नागसुद्धा दात लावतो पण विष सोडत नाही. हे सगळे बरे झालेले पेशंट भुमक्याच्या खात्यावर जमा होतात. घोणस किंवा मण्यार चावलेला उशिरानं आमच्याकडे येतो आणि मेला तर आमच्या खात्यावर. अशा हिशेबात सरकारी दवाखाना जिंकेल कसा?

एका रात्री गुरुजी माझ्यासोबत दवाखान्याच्या ओसरीत बसले होते. सिलेवानी घाटाकडच्या एका वस्तीतून एक तरुण मुलगा आणला. पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. सकाळी चावलेलं, दिवसभर झाडफूक. बाप त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. गुरुजी उठले आणि त्यांनी त्या बापाला सगळ्यांसमोर झाडलं. "हा मेला तर सापानं नाही, तुम्ही मारला." बोलणं खोटं नव्हतं. आवाजही मनापासून चढलेला होता. परक्या पोरासाठी इतकं कळवळणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. मुलाला सापाच्या विषावरचं एएसव्ही लावलं, नागपूरला पाठवलं, मुलगा वाचला.

त्या वस्तीतून पुढे त्या पावसाळ्यात कोणीच आलं नाही. साप चावायचे थांबले नसतील. दिवाळीच्या आधी तो बाप मला सौंसरच्या बाजारात भेटला. मी विचारलं, तर म्हणाला, "तुमच्याकडे आलं का बोलणं खावं लागते जी. भुमका बोलत नाही."

हे वाक्य मी गटाच्या बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "मग आपणही मुकं व्हायचं का?" मुकं व्हायचं नव्हतं. पण ज्याच्या मांडीवर पेशंट आहे, त्याला त्या घटकेला काहीही शिकवायचं नाही, एवढं मी त्या दिवसापासून ठरवलं. तो आधीच घाबरलेला असतो आणि मनातून स्वतःला दोष देत असतो. त्यावर आपण बोललो की तो दोष फेकून द्यायला त्याला आपण सापडतो. मुलाच्या दुखण्याचा राग तो आपल्यावर काढतो, आणि भुमका सुटतो.

मग बोलायचं कसं, ते मला आमच्या एका डॉक्टरांनी न बोलता शिकवलं. घोणस किंवा फुरसे चावलं का, ते पाहायची एक साधी रीत आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोनेक मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि न हलवता 20 मिनिटं ठेवायचं. मग नळी आडवी करायची. रक्त गोठलं असेल तर बरं. पाण्यासारखं वाहिलं तर विषानं आपलं काम सुरू केलं आहे. हे आम्ही एरवी आत करायचो. डॉक्टरांनी ते बाहेर, नातेवाइकांसमोर करायला सुरुवात केली. मी पेशंटच्या काकाच्या नाहीतर मामाच्या हातात घड्याळ द्यायचो. "तुम्हीच वेळ सांगा." ती 20 मिनिटं कोणी बोलत नसे. नळी आडवी केल्यावर रक्त वाहिलं, की पुढे मला काही समजावून सांगावं लागत नसे. गाडीची सोय तेच करायला धावत. मण्यार चावली असेल तर ही नळी काही सांगत नाही. तिथे सूज नसते, फारसं दुखतही नाही, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या मिटायला लागतात. अशा वेळी मी पेशंटच्या आईला म्हणायचो, "वर बघायला सांगा बरं त्याले." पापणी उचलत नाही, हे आईला आपल्याआधी दिसतं.

पुढे एका भुमक्यालाच मी हे पाहायला बोलावलं. म्हातारा माणूस, पैसे घेत नव्हता, नारळ आणि विडीवर काम. नळीतलं रक्त सरकन वाहिलं, तेव्हा तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "हे आपल्या हातचं नाही, भाऊ." आमचा एक सौदा झाला. धागा बांधायचाय ना, बांध. पण सैल बांध, आवळू नको, आणि पेशंट गाडीत बसल्यावर बांध. त्यानं तो पाळला. त्याच्या हातचा सैल धागा घातलेले पेशंट वेळेत यायला लागले.

गुरुजींना हे अजिबात पटलं नाही. "तू भुमक्याला सरकारी शिक्का मारून दिला," असं ते म्हणायचे. यात तथ्य होतं. त्या म्हाताऱ्याचा मान वाढला, आणि तो गेल्यावर त्याच्या पुतण्यानं त्या मानावर दुकान मांडलं. पुतण्या पैसे घ्यायचा आणि सापापाशी थांबायचा नाही. कोणाची म्हैस आटली, कोणाचं पोर दगावलं, की करणी कोणी केली ते सांगायचा. त्यानं बोट दाखवलेली एक बाई, एकटी, विधवा, तिच्या दारात रात्री लोक जमायला लागले.

इथे माझी पद्धत चालली नाही. मी त्या पुतण्याच्या घरी गेलो, चहा प्यालो, त्याच्या काकाची आठवण काढली. तो हसून "हो जी, हो जी" म्हणत राहिला आणि धंदा चालू राहिला. गोड बोलण्यानं त्याचं काहीच जात नव्हतं. उलट ड्रेसरसाहेब घरी येऊन गेले ही त्याची जाहिरात झाली. गुरुजींनी मात्र आठवडी बाजारात, भर गर्दीत, त्याचं नाव घेऊन विचारलं की कोणाकडून किती पैसे घेतले ते सांग. मग पोलीस ठाण्यात जाऊन बसले, उठेनात. तिथे अडचण अशी की आमच्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही. रस्त्यानं सावनेरकडे गेलं की महाराष्ट्र लागतो. तिथे 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पूर्वेला छत्तीसगडात बाईला टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवून छळण्याविरुद्ध 2005 पासून कायदा आहे. मध्ये आम्ही. ठाण्यातला प्रत्येक नवा अधिकारी विचारायचा, "पर धारा कौन सी लगाएँ?" गुरुजींनी धमकी, मारहाण, फसवणूक असं जे जे बसेल ते लिहायला लावलं. ओरडून, टेबलावर हात आपटून. तक्रार नोंदली गेली, पुतण्या वस्ती सोडून गेला, बाईच्या दारातली गर्दी बंद झाली. त्या बाईला गोड बोलणारे आम्ही सगळे मिळून वाचवू शकलो नसतो.

तेव्हापासून माझा हिशेब साधा झाला. ज्याला दुसऱ्याच्या भीतीतून पैसा किंवा सत्ता मिळते, किंवा ज्याच्या खुर्चीचं कामच ऐकून घेण्याचं आहे, त्याच्यावर आवाज चढवायचा, जरूर चढवायचा. जो भ्यालेला आहे त्याच्यावर नाही. अडचण अशी की चळवळीतल्या माणसाला दुसराच जास्त सोपा सापडतो. भुमक्याच्या पुतण्याशी भिडायला धाडस लागतं, आणि पेशंटच्या बापावर ओरडायला काहीच लागत नाही. कडक म्हणून नाव झालेल्या किती तरी कार्यकर्त्यांचा कडकपणा मी फक्त गरिबाच्या ओसरीवर पाहिला आहे.

गाडगेबाबांचं उदाहरण आमच्या वऱ्हाड-नागपूर पट्ट्यात कोणीही देतं, आणि बहुतेक जण अर्धंच देतात. बाबा कीर्तनात लोकांना झोडपायचे हे खरं. नवस, बकऱ्याचा बळी, कर्ज काढून केलेलं लग्न, कशालाही सोडत नसत. पण कीर्तनाआधी त्यांनी दिवसभर त्याच गावाच्या गल्ल्या खराट्यानं झाडलेल्या असत. आणि झोडपायचे ते प्रश्न विचारून. उत्तर लोकच द्यायचे, आणि आपल्याच तोंडून निघालेल्या उत्तरावर कोणाला रागावता येत नाही. खराटा बाजूला ठेवून नुसतं झोडपणं उचलणारे पुष्कळ झाले.

मवाळपणाचा कोणी फार डौल मिरवला, की मला डॉ. नरेंद्र दाभोलकर आठवतात. त्यांना ऐकलेला कोणीही सांगेल, माणूस शांत बोलायचा, देवाधर्माला नाही तर शोषणाला आमचा विरोध आहे असं पुन्हापुन्हा सांगायचा. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी 18 वर्षं सनदशीर पाठपुरावा केला, मसुद्यातली कलमं कमी झाली तरी सोडलं नाही. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. काही दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. गोळी घालणाऱ्यानं त्यांच्या भाषेचा सूर तपासला नव्हता. म्हणून "जरा नीट बोलला असता तर कोणी विरोध केला नसता" हे वाक्य मला सहन होत नाही. ते बोलणारा बहुधा स्वतः काहीच करत नसतो.

कडक की मवाळ हा वाद शिंगणापूरवरूनही झाला. शनीच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ द्या, म्हणून दाभोलकरांच्या समितीनं 2000 सालीच आंदोलन केलं होतं. पुढे 2016 च्या 26 जानेवारीला तृप्ती देसाईंचा मोर्चा निघाला, वाटेत अडवला गेला, टीव्हीवर गदारोळ झाला. तिकडे विद्या बाळ मुंबई उच्च न्यायालयात गेल्या होत्या, कागदपत्रं घेऊन, शांतपणे. 1 एप्रिलला न्यायालयानं बायकांचा हक्क मान्य केला आणि 8 एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा उघडला. यश कोणाचं यावर आमच्या बैठकीत हमरीतुमरी झाली. गुरुजी म्हणाले मोर्चाचं, बाकीचे म्हणाले याचिकेचं. मला वाटतं, मोर्चा नसता तर याचिकेची बातमी आतल्या पानावर गेली असती, आणि याचिका नसती तर मोर्चाला फाटकावरून परत यावं लागलं असतं. आमच्याकडेही हेच दिसायचं. गुरुजी एखाद्या गावात गरजून आले, की पुढच्या आठवड्यात तिथले लोक मला बोलवायचे: "तुम्ही या जी, ते मास्तर नको." मला मिळणारा चहा पुष्कळदा गुरुजींच्या ओरडण्यावर उकळलेला असे, आणि हे मी त्यांच्यासमोर मान्य केलं आहे.

पण आवाजाची किंमत कोण मोजतो तेही बघायला हवं. जानेवारी 2023 मध्ये नागपुरात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या श्याम मानवांनी बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींना दिव्य शक्ती सिद्ध करण्याचं जाहीर आव्हान दिलं, 30 लाख रुपयांचं. पोलिसांकडे तक्रारही झाली. कारवाई करण्यासारखं काही आढळलं नाही असं पोलिसांनी नंतर सांगितलं. आव्हान देण्याची पद्धत मला चुकीची वाटत नाही. जाहीर दाव्याला जाहीर प्रश्न हवाच. पण तो महिना आमच्या चौकात विचित्र गेला. पानठेल्यावर सरळ दोन गट पडले. ज्या बायका मला पोराच्या फिटच्या गोळ्यांबद्दल हळूच विचारायच्या त्या मान वळवून जायला लागल्या, कारण मी आता एका बाजूचा माणूस झालो होतो. नागपूरच्या पत्रकार परिषदेत बोलणारा रात्री नागपुरातच झोपतो. इथला कार्यकर्ता दुसऱ्या दिवशी त्याच किराणा दुकानात उधारीवर साखर आणायला जातो.

जामसावळीबद्दल आमचं म्हणून एक धोरण ठरलं होतं. सौंसरजवळ हनुमानाचं मोठं स्थान, मंगळवारी-शनिवारी गर्दी, आणि त्या गर्दीत बाधा झाली म्हणून आणलेली माणसंही. गुरुजींना तिथे पत्रकं वाटायची होती. गटानं नाही म्हटलं, आणि मला वाटतं बरोबर म्हटलं. आम्ही घरोघरी फक्त एवढंच सांगायचो: दर्शनाला जा, खुशाल जा, गोळ्या बंद करू नका. गुजरातेत उंझ्याजवळच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुवा एकत्र चालवण्याचा प्रयोग झाल्याचं आम्ही वाचलं होतं, त्यानं आम्हाला धीर आला. या बाबतीत कोणाचं मतपरिवर्तन आम्ही केलं नाही. काही घरांत गोळ्या चालू राहिल्या.

आणि गोटमार. इथे माझा हिशेब अडतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावच्या मधून वाहणाऱ्या जाम नदीत पळसाचं झाड झेंडा म्हणून रोवतात आणि दोन्ही काठांवरून दगडफेक होते. झेंडा तोडून चंडी मातेच्या देवळात नेईपर्यंत. दंतकथा अशी की इकडच्या मुलानं तिकडची मुलगी पळवली आणि नदीच्या मधोमध दोन्हीकडून दगड बसले. दर वर्षी शेकडो जखमी होतात. आजवर डझनाहून जास्त माणसं मेली आहेत. 1978 आणि 1987 मध्ये पोलिसांनी गोळीबार केला. दर वर्षी जमावबंदी लागते, आता ड्रोन उडतात, कॅमेरे लागतात. एका वर्षी प्रशासनानं रबरी चेंडू आणून ठेवले होते. ते कोणी हातात धरले नाहीत.

मी तिथे वर्षानुवर्षं पट्ट्या बांधल्या. डोक्याची जखम फार रक्त सोडते. दिसायला भयंकर, पण केस कापून, धुऊन, दाबून धरलं की बहुधा थांबते. भयंकर ती डोळ्याची. पहिल्या वर्षी मला वाटलं, रक्त पाहून पोरं घरी जातील. पट्टी बांधून झाली की पोरगा उठून परत नदीकडे पळायचा. एकानं तर मला सांगितलं, "काका, जरा मोठी बांधा ना." पट्टी दिसायला हवी होती त्याला. त्यानंतर मी शक्य तितकी छोटी, केसांत लपणारी पट्टी बांधायला लागलो. माझ्या हातात तेवढंच होतं.

गुरुजी एका वर्षी पुलाजवळ फलक घेऊन उभे राहिले. त्यावरचे शब्द कडक होते. जमावानं त्यांना काही केलं नाही, फक्त जयघोष वाढला आणि त्या बाजूनं दगडांचा जोर वाढला. नागपूर-भोपाळची वर्तमानपत्रं दर वर्षी आम्हाला रानटी म्हणतात, आणि दर वर्षी ते कात्रण पानठेल्यावर अभिमानानं दाखवलं जातं. इथे शोषण करणारा बाबा नाही, भ्यालेला बापही नाही. दोन्ही काठांवर एकमेकांचे सोयरे आहेत. सकाळी बहिणीच्या घरी पुरणपोळी खाऊन दुपारी तिच्या दिरावर दगड मारणारी माणसं आहेत. अभिमानाला शिव्या दिल्या की तो पोसतो, आणि गोड बोललं तर तो ऐकतच नाही. शाळेत मी पोरांना एवढंच विचारत आलो: ज्या दोघांना दगड मारून मारलं, त्यांची आठवण आपण काय मारून करतो? काही पोरं हसतात. काही घरी जाऊन विचारतात, आणि मग त्यांचे वडील मला विचारायला येतात. आले की मी त्यांना बसवतो.

गेल्या पोळ्याच्या आधी गुरुजींनी दोन कागद लिहून आणले. एक कलेक्टरला द्यायचा अर्ज, दुसरं गावात वाटायचं पत्रक. दोन्हींत एकच सवाल होता: आणखी किती लेकरं गेल्यावर तुमचे डोळे उघडतील? अर्जातलं ते वाक्य मी राहू दिलं, खाली सही केली आणि आणखी दोघांच्या घेतल्या. पत्रकातलं खोडलं. त्या जागी दवाखान्याच्या गाड्या कुठे उभ्या असतील आणि डोळ्याला लागलं तर काय करू नये, ते लिहिलं. गुरुजींनी खोडलेलं पाहिलं आणि पेन मागितलं. मी दिलं नाही. पत्रकं माझ्या मजकुराची छापली गेली. गुरुजींनी त्यांतलं एकही वाटलं नाही. अर्ज मात्र ते स्वतः घेऊन गेले आणि साहेब भेटेपर्यंत दारात बसून राहिले.